आधी इंजिनाचं नाक, मग माणसाचं: पिकअपमधल्या केबिन फिल्टरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा ऐकून झाल्यावर नावं आणि सालं पुन्हा बघायची असतात, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या ईमेलमुळे सुचला. हे दादा मूळचे सातारा भागातले, आता अमेरिकेत टेक्सासमध्ये असतात. त्यांनी २०१० सालची एक जुनी पिकअप विकत घेतली. एसीला धुळकट वास यायचा, म्हणून त्यांनी ठरवलं की केबिन फिल्टर घरीच बदलू. इकडे असताना स्वतःच्या कारचा फिल्टर ते स्वतःच बदलायचे, त्यामुळे हात बसलेला. रविवारी सकाळी ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि मागे हात घातला. फिल्टरसाठी मापात केलेली जागा होती, पण फिल्टर नव्हता. त्यांना वाटलं, आधीच्या मालकाने काढून टाकला असेल आणि नवा घालायचा विसरला असेल. चौकशी केल्यावर कळलं की गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापासून तिथे फिल्टर कधी नव्हताच.

त्यांचा प्रश्न सरळ होता: "जागा केली, तर मग फिल्टर का नाही दिला?"

या प्रश्नाचा माग काढत गेलो आणि दीडशे वर्षं मागे पोचलो.

धूळ दिसली कधी?

आधी थोडक्यात, हा फिल्टर काय करतो. पुढच्या काचेच्या खाली, बोनेटच्या कडेला जाळी असते. तिथून बाहेरची हवा आत येते, ब्लोअर ती ओढतो आणि डॅशबोर्डच्या झडपांमधून आपल्या तोंडावर सोडतो. या वाटेत, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, चुण्या घातलेला एक चौकोनी फिल्टर बसवलेला असतो. इंजिनाचा एअर फिल्टर वेगळा. तो बोनेटखाली असतो आणि इंजिनाला लागणारी हवा गाळतो. हे दोन वेगळे फिल्टर आहेत, एवढं लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट या दोघांत आधी कोण आलं याचीच आहे.

हवेतल्या धुळीकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधणारं मोठं नाव म्हणजे जॉन टिंडॉल. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६८-६९ च्या सुमारास ते प्रकाशाचे प्रयोग करत होते आणि त्यांना धूळ नसलेली हवा हवी होती. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा प्रखर झोत सोडला की हवेतले कण चमकतात. सकाळच्या कवडशात आपण सगळ्यांनीच हे पाहिलंय. टिंडॉल यांनी या झोतात श्वास सोडून बघितला. सुरुवातीला झोत चमकत राहिला, पण लांब उच्छ्वासाच्या शेवटी शेवटी तिथे काळोख पडला. म्हणजे फुफ्फुसांच्या खोल भागातून आलेली हवा धुळीविना होती. मग धूळ गेली कुठे? ती आतच राहिली. पुढे त्यांनी नाकातोंडावर कापूस धरून श्वास घेतला, तेव्हा सोडलेली हवा पहिल्यापासूनच काळी दिसली. धूळ कापसाने अडवली होती.

हे त्यांनी जानेवारी १८७० मध्ये जाहीर व्याख्यानात मांडलं. पुढच्याच वर्षी त्यांनी आग विझवणाऱ्या बंबवाल्यांसाठी श्वासयंत्र तयार केलं. त्यात ग्लिसरीन लावलेला कापूस होता आणि कोळसा होता. कापूस कण अडवायचा, कोळसा वास आणि वायू शोषायचा. आज "कार्बनवाला" म्हणून जो महाग केबिन फिल्टर मिळतो ना, त्याचं तत्त्व हेच आहे. आणि ते श्वासयंत्र केलं होतं धुरात काम करणाऱ्या माणसासाठी, हे विसरू नका.

नोकरी घालवणारा फिल्टर

आता अमेरिकेत जाऊ. साल १९१५. मिनेसोटातल्या बुल ट्रॅक्टर कंपनीत फ्रँक डोनाल्डसन नावाचा विक्रेता होता. युटामधल्या एका शेतकऱ्याची तक्रार आली की ट्रॅक्टरचं इंजिन लवकर झिजतंय. डोनाल्डसन तिथे गेला. कोरडं रान, सगळीकडे फुफाटा, आणि ट्रॅक्टर तीच हवा ओढतोय. पेट्रोलच्या इंजिनाला एक किलो इंधन जाळायला साधारण १५ किलो हवा लागते. त्या हवेतली वाळू सिलिंडरमध्ये गेली की पॉलिश पेपरसारखी घासत राहते. डोनाल्डसनने तारेचा पिंजरा केला, त्यावर मऊ कापड गुंडाळलं आणि ते इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी बसवलं. काम झालं.

परत येऊन त्याने मोठ्या उत्साहाने साहेबांना सांगितलं आणि साहेबांनी त्याला काढून टाकलं! फिल्टर लागतो असं म्हणणं म्हणजे आपल्या ट्रॅक्टरमध्ये खोट आहे असं कबूल करणं, असा त्यांचा हिशोब. डोनाल्डसनने घरच्यांना घेऊन स्वतःचा धंदा काढला. फिल्टर बनवणारी ती कंपनी आजही आहे आणि हा किस्सा ती स्वतःच्या इतिहासात सांगते.

तर इंजिनाला असं नाक मिळालं. त्याच ट्रॅक्टरच्या उघड्या सीटवर बसून दिवसभर तोच फुफाटा खाणाऱ्या शेतकऱ्याला काय मिळालं? गळ्यातला रुमाल. आणि यात कुणाचा दुष्टपणा होता असंही नाही. इंजिन बिघडलं की गाडी जागेवर थांबते आणि बिल येतं. माणसाचं फुफ्फुस मात्र वीस-पंचवीस वर्षं न थांबता झिजत राहतं, आणि त्याचं बिल गाडी विकणाऱ्याकडे जात नाही.

पिकअप आली, धुळीची वादळंही आली

१५ एप्रिल १९२५ रोजी फोर्डने कारखान्यातूनच मागे हौदा जोडलेली मॉडेल टी बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. त्याआधी लोक कार विकत घ्यायचे आणि गावातल्या सुताराकडून मागे लाकडी पेटी ठोकून घ्यायचे. ही पिकअप शेतकऱ्याची आणि छोट्या दुकानदाराची गाडी होती. बंद काचा वगैरे चैन तिच्यात नव्हती.

बरोबर दहा वर्षांनी, १४ एप्रिल १९३५ ला, अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशात धुळीचं एक महाकाय वादळ उठलं. भर दुपारी अंधार झाला. तो दिवस तिथे "काळा रविवार" म्हणून ओळखला जातो. दुष्काळ, त्यात नांगरून उघडी पडलेली जमीन, आणि वारा. लोक खिडक्यांना ओल्या चादरी लावत होते. रेड क्रॉसने तोंडाला बांधायचे मास्क वाटले. धूळ छातीत जाऊन न्यूमोनिया होण्याचं प्रमाण इतकं वाढलं की त्याला लोकांनी "धुळीचा न्यूमोनिया" असं नावच दिलं. धुळीच्या घर्षणाने हवेत इतकी स्थिर वीज साठायची की चालत्या गाड्यांचं इग्निशन बंद पडायचं. मग लोक गाडीमागे लोखंडी साखळी जमिनीवर ओढत न्यायचे, म्हणजे वीज जमिनीत उतरावी. ही स्थिर वीज लक्षात ठेवा, ती पुढे वेगळ्या रूपात भेटणार आहे.

श्वास घेणारी केबिन

गाडीत गाळलेली हवा देण्याचा पहिला ठोस प्रयत्न नॅश कंपनीचा. ही कंपनी १९३७ मध्ये केल्व्हिनेटर या फ्रीज बनवणाऱ्या कंपनीशी एक झाली. त्यामुळे हवा, थंडी, उष्णता यांची जाण घरातच होती. १९३८ च्या मॉडेलमध्ये त्यांनी बाहेरची हवा आत घेऊन, गाळून, तापवून पंख्याने केबिनमध्ये सोडायची सोय दिली. आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहायचा, त्यामुळे फटींमधून धूळ आत यायच्या ऐवजी आतली हवा बाहेर जायची. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नुसता फिल्टर लावून भागत नाही, केबिनमध्ये दाबही राहावा लागतो. पण ही सोय होती कारमध्ये.

पिकअपकडे वळलं की गंमत दिसते. १९४७ मध्ये शेव्हरोलेने नवी पिकअप आणली आणि "श्वास घेणारी केबिन" अशी तिची जाहिरात केली. बाहेरची ताजी हवा आत, वापरलेली हवा बाहेर. कल्पना छानच होती. पण ती ताजी हवा म्हणजे रस्त्यावर, शेतात, खाणीच्या वाटेवर जी असेल ती.

कामाच्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाला गाळलेली हवा मिळायला १९७२ उजाडलं. जॉन डिअरने त्या वर्षी ट्रॅक्टरसाठी बंद केबिन आणली. आवाज कमी, उलटलं तरी न चेपणारी चौकट, आणि गाळून दाबाने आत सोडलेली हवा. डोनाल्डसनच्या पिंजऱ्यानंतर ५७ वर्षांनी ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा नंबर लागला.

फिल्टरचं कापड कुठून आलं?

इथे जरा थांबू, कारण आपण जो फिल्टर बदलतो तो नुसता कागद नसतो.

आपल्याला वाटतं की फिल्टर म्हणजे चाळण, भोकापेक्षा मोठा कण अडकतो, लहान निघून जातो. पण तसं नसतं. मोठे, जड कण हवेबरोबर वळू शकत नाहीत, ते सरळ जाऊन धाग्यावर आपटतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि शेवटी कुठल्या तरी धाग्याला चिकटतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी यावर काम केलं. त्यातून पुढे आलं की अडवायला सगळ्यात अवघड कण मधल्या आकाराचे, साधारण ०.३ मायक्रॉनचे. हेपा फिल्टरची चाचणी आजही याच आकारावर होते, आणि त्या फिल्टरचा उगम अणुबॉम्बच्या प्रकल्पातल्या किरणोत्सारी धुळीशी जोडलेला आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोतात उडवून केसापेक्षा कितीतरी बारीक धागे बनवले. हेतू होता अणुचाचण्यांनंतर वरच्या हवेतले किरणोत्सारी कण पकडण्याचा. पुढे १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये अशा धाग्यांवर कायमचा विद्युतभार बसवण्याचं तंत्र विकसित झालं. भारित धागा कणाला स्वतःकडे ओढतो. त्यामुळे कापड विरळ ठेवता येतं, हवा सहज जाते, तरी कण अडकतात. काळ्या रविवारी ज्या स्थिर विजेने गाड्या बंद पाडल्या, तीच आता धूळ पकडायला कामाला लागली.

यातून रोजच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. आपल्याकडे नेहमी विचारतात, "फिल्टर धुऊन वापरला तर?" बहुतेक केबिन फिल्टर धुवायचे नसतात. साबणाने किंवा स्पिरिटने धागे धुतले की त्यांचा भार जातो. फिल्टर दिसायला पांढरा होतो, पण बारीक कण सोडू लागतो. गॅरेजमध्ये हवेच्या जोरदार झोताने साफ केला की धागे फाटतात. पाकिटावर धुता येतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर धुऊ नका.

आधी परागकण, मग काजळी

कारमध्ये हा फिल्टर रुळला तो युरोपात. स्वीडनच्या साबने १९७८ मध्ये ९०० या मॉडेलमध्ये केबिन फिल्टर दिला. तिकडे वसंतात झाडांचे परागकण हवेत भरतात आणि लोक शिंकून हैराण होतात, म्हणून कित्येक ठिकाणी याला आजही "पोलन फिल्टर" म्हणतात. १९८९ च्या सुमारास जर्मनीत फ्रॉयडेनबर्गसारख्या कंपन्या असे फिल्टर मोठ्या प्रमाणावर बनवू लागल्या आणि मर्सिडीजच्या महागड्या गाड्यांत ते दिसू लागले. बंबवाल्याच्या तोंडावरचा कापूस आणि कोळसा आता श्रीमंतांच्या डॅशबोर्डमागे जाऊन बसला.

परागकण तसे मोठे असतात, बहुतेक १० मायक्रॉनच्या वरचे. खरा धोका त्याहून बारीक कणांचा आहे हे डिसेंबर १९९३ मध्ये ठळकपणे समोर आलं. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या ८,१११ प्रौढांचा १४ ते १६ वर्षं माग ठेवला होता. धूम्रपान वगैरे गोष्टी हिशोबात धरूनही, सगळ्यात प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्के जास्त निघालं. बारीक कणांशी याचा संबंध घट्ट होता. १९९७ मध्ये अमेरिकेने पीएम २.५ साठी पहिल्यांदा मर्यादा ठरवली. आज आपण दिवाळीत मोबाईलवर जो आकडा बघतो, तो हाच.

जागा आहे, फिल्टर नाही

आता टेक्सासच्या दादांच्या प्रश्नाकडे येऊ.

हे सगळं माहीत झाल्यानंतरच्या काळातली गोष्ट आहे. जनरल मोटर्सच्या मोठ्या पिकअपमध्ये १९९९ च्या मॉडेलपासून केबिन फिल्टर होता. २००३ च्या सुमारास तो वगळला गेला. २००७ मध्ये आलेल्या पुढच्या पिढीत तर फिल्टरच्या जागेवर अखंड प्लास्टिक होतं. मालक घरी ब्लेड आणि करवत घेऊन ते प्लास्टिक कापू लागले आणि आत फिल्टर बसवू लागले. पुढे यासाठी झाकणासकट संच विकत मिळू लागला. रॅमच्या २००९ ते २०१२ च्या पिकअपमध्येही जागा होती, वर कोरं झाकण होतं, आत काही नाही. फिल्टर बसेल असं झाकण वेगळं विकत घ्यावं लागायचं.

का? एक फिल्टर वगळला तर काही डॉलर वाचतात, आणि लाखो गाड्यांवर ती रक्कम मोठी होते. शिवाय लोक फिल्टर बदलत नाहीत, तो तुंबतो, मग "एसी लागत नाही" म्हणून तक्रार येते. फिल्टरच नसला तर ती तक्रारही नाही. पण माझ्या मते यामागे जुनी सवयही आहे. पिकअप म्हणजे कामाची गाडी, आणि कामाच्या गाडीतल्या माणसाने धूळ खायचीच, हे गृहीत धरलेलं. त्याच गाडीत इंजिनाचा फिल्टर मात्र प्रत्येक मॉडेलमध्ये, प्रत्येक वर्षी होता. तो वगळायचा विचारसुद्धा कुणी केला नाही.

आणि टिंडॉलचा झोत आठवा. जागा रिकामी असली तरी कण कुठेतरी अडकतातच. ते गाडी चालवणाऱ्याच्या छातीत अडकतात.

घरी बदलायचा तर

आता बहुतेक नव्या पिकअपमध्ये आणि आपल्याकडच्या बऱ्याच कारमध्ये हा फिल्टर असतो. आपल्याकडच्या काही छोट्या गाड्यांतही नुसती रिकामी जागा असायची, तेव्हा तुमची गाडी उघडून बघाच.

गाडी बंद, ब्लोअर बंद. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करा. त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अटकाव सुटतात. एका बाजूला बारीक दोरी किंवा दांडी असते, ती हलक्या हाताने काढा, म्हणजे कप्पा पूर्ण खाली येतो. मागे लांबट झाकण दिसेल, त्याच्या टोकाच्या चिमट्या दाबून ते उघडा. जुना फिल्टर आडवा ठेवूनच हळू ओढा, नाहीतर वरची पानं आणि कचरा ब्लोअरमध्ये पडतो. काढण्याआधी कडेवरच्या बाणाचा फोटो घ्या. बाण म्हणजे हवेच्या प्रवाहाची दिशा, नवा फिल्टर त्याच दिशेने बसवायचा. साधारण वर्षातून एकदा किंवा २० हजार किलोमीटरला बदला. कच्च्या रस्त्यावर, खाणीजवळ किंवा बांधकामाजवळ फिरत असाल तर त्याआधीच.

एक इशारा. फिल्टरजवळ उंदराचं घरटं सापडलं तर झाडू नका आणि व्हॅक्यूमही लावू नका. १९९३ मध्येच अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात हंताव्हायरसची साथ आली होती, आणि तो तिथल्या रानउंदरांच्या वाळलेल्या मलमूत्राच्या धुळीतून पसरतो. हातमोजे घाला, मास्क लावा, जंतुनाशकाने सगळं ओलं करा आणि मग पुसून उचला. हे अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी खास, पण सवय म्हणून आपल्याकडेही चांगलीच.

आणि आपला पिकअपवाला?

शेवटी आपल्याकडे येऊ. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली. पुढे २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. काचा बंद करून चालवता येणं हीच धुळीपासूनची पहिली सोडवणूक आहे. पण दोन गोष्टी बघा. एसी म्हणजे फिल्टर नव्हे, आतमध्ये चांगला फिल्टर आहे का हे वेगळं विचारावं लागतं. आणि साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्या या नियमात नाहीत. म्हणजे पहाटे भाजी घेऊन मार्केट यार्डात येणारा, खडी-वाळूच्या डंपरमागून काच खाली करून जाणारा आपला छोटा पिकअपवाला तिथेच राहिला. त्याच्या इंजिनाला फिल्टर आहे. त्याला रुमाल आहे.

टेक्सासच्या दादांनी शेवटी झाकण आणि फिल्टर मागवून घरीच बसवला, वीस मिनिटांत. चार महिन्यांनी त्यांनी त्याचा फोटो पाठवला. पांढरा फिल्टर पार करडा झाला होता. सोबत एकच ओळ: "हे सगळं आधी आम्ही घेत होतो."

तुमच्या ओळखीत कुणी टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर चालवत असेल तर हा भाग त्यांना ऐकवा, आणि त्यांच्या गाडीत फिल्टरची जागा आहे का, तिच्यात फिल्टर आहे का, हे बघून आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.